उभ्या गाडीतलं स्टेरिंग

कुसुमआत्याच्या घरी पहिली जाग मामांना यायची. मामा म्हणजे आत्याचे यजमान. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. कॉलेजसाठी मला पिशोरहून आणून सिडकोतल्या त्या दोन खोल्यांत सोडलं, तेव्हा पहिल्याच सकाळी मी पाहिलं की मामा बनियनवर ओट्याशी उभे राहून धपाटे थापतायत आणि आत्या अंगणात गाडीच्या खाली डोकं घालून बसलीय. मला वाटलं, आज काहीतरी विशेष असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी विचारायचं सोडून दिलं. मामा पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून होते, दहाला निघायचे, तोवर स्वयंपाकघर त्यांचं. धपाट्यात लसूण किती, ठेच्याला मिरची तव्यावर भाजायची का तेलात, येसराच्या आमटीला फोडणी कधी द्यायची, या सगळ्यात त्यांचा शब्द शेवटचा. गाडीत मात्र ते मागं बसायचे आणि आत्यानं जरा वेग घेतला की पुढची सीट दोन्ही हातांनी धरायचे. 'तुमचे मामा फार शूर,' आत्या म्हणायची, 'फक्त रस्त्यावर नाय.' मामा हसायचे. त्या घरात कुणाला कुणाचं वाईट वाटायचंच नाही.

गाडी जुनी होती, आकाशी रंगाची, डोक्यावर पाटी: महिला मोटार ड्रायव्हिंग क्लास. तेव्हाच्या औरंगाबादेत बायकांना शिकवणारी बाई दुसरी कुणी असेल तर मला तरी ठाऊक नाही. (शहराचं नाव बदललं, माझ्या तोंडून अजून जुनं निघतं, नाहीतर नवं अर्धवट, आणि नातू दोन्ही वेळा मला दुरुस्त करतो.) आत्या गाडी शिकली त्याची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. लग्नानंतर तिनं एका क्लासात नाव घातलं. तिथला शिकवणारा बाप्या स्टेरिंग सरळ करायच्या निमित्तानं तिच्या हातावर हात ठेवायचा. एकदा ठेवला, दोनदा ठेवला, तिसऱ्यांदा आत्यानं भर रस्त्यात करकचून ब्रेक मारला, दार उघडलं आणि चालत घरी आली. मग पिशोरला येऊन माझ्या वडिलांच्या मागं लागली. वडिलांनी तिला आधी ट्रॅक्टरवर बसवलं, नांगरलेल्या रानात, जिथं धडकायला बांधाशिवाय काही नव्हतं. लुगडं खोचून ट्रॅक्टर हाकणारी बाई बघायला गाव लोटला होता म्हणे. आजी मात्र घराबाहेर आली नाही.

त्या बाप्याच्या हातापायी आत्यानं आपल्या क्लासाचा एक नियमच केला. शिकवताना ती स्टेरिंगला हात लावायची नाही. तिच्या बाजूला, डावीकडं, एक जादा ब्रेक आणि जादा क्लच बसवून घेतलेला होता. जे काही सांभाळायचं ते ती पायांनी सांभाळायची. हात मांडीवर, एकात एक गुंफलेले. गाडी खड्ड्याकडं चाललीय, समोरून म्हैस येतीय, शिकणारीची पाचावर धारण बसलीय, तरी आत्याचे हात मांडीवरच. 'मी हात लावला की बाईला वाटतं, गाडी दुसरं कुणीतरी चालवणारंय,' ती म्हणायची. 'एकदा तसं वाटलं की मग जन्मभर वाटतं.' पायांची सवय इतकी हाडात मुरलेली की जेवताना मामा काही वेडंवाकडं बोलले की पाटावर बसल्या बसल्या आत्याचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा. मामांना ते दिसायचं आणि ते गप्प व्हायचे. मी अशी बाई त्याआधी पाहिली नव्हती, आणि खरं सांगते, नंतरही नाही.

सकाळच्या तुकडीला मी मागच्या सीटवर असायचे. एक बाई चालवायची, बाकीच्या मागं पाळीची वाट बघत दाटीनं बसायच्या. कुणी डॉक्टरीणबाई, कुणी शाळेतल्या बाई, कुणाचा नवरा परदेशात आणि गाडी दारात धूळ खात पडलेली. त्यांच्या गप्पा, बांगड्या, डब्यातला शिरा, मध्येच आत्याचं 'क्लच, क्लच, क्लच' आणि गाडीचा आचका. गावाबाहेर एक मोकळं मैदान होतं, तिथं चुन्यानं इंग्रजी आठचा आकडा काढलेला. त्या आकड्यावर आत्याचा दुसरा नियम चालायचा: उभ्या गाडीत स्टेरिंग फिरवायचं नाही. गाडी जराशी हलू द्यायची, चाक फिरायला लागलं की मग वळवायचं. उभ्या गाडीत ओढाओढ करणारी बाई दिसली की आत्या चिडायची. तिच्या हाताखालच्या बायका चोरूनच ओढायच्या, आत्या आरशात दुसरीकडं बघत असेल तेव्हा.

त्या तुकडीत विमल आली. पाचोडच्या बाजूची, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, शहरात बहिणीकडं महिनाभर राहायला आलेली. पहिल्या दिवशी गाडीपाशी येऊन तिनं 'जयभीम, बाई' म्हटलं, आत्यानं 'जयभीम, बस' म्हटलं आणि ओळख झाली. विमलच्या नवऱ्याची जीप होती. मळ्यातली वांगी, मिरची, टोमॅटो भरून तो पाचोडच्या बाजारात न्यायचा, स्वतःची न्यायचा, वस्तीतल्या लोकांची न्यायचा. अपघातात त्याचा एक पाय गुडघ्यापासून निकामी झाला. जीप दारात उभी राहिली. त्याचा भाऊ म्हणायला लागला, उभी ठेवून सडवण्यापेक्षा मला द्या. विमल म्हणाली, मी चालवते. घरात हसले. तिच्या नवऱ्यानं, नामदेव त्याचं नाव, शेवटी एवढं कबूल केलं की लायसन मिळालं तर जीप राहील, नाही मिळालं तर भावाकडं जाईल. हे तिनं आम्हाला पहिल्याच दिवशी मागच्या सीटवर सांगितलं, अगदी आजच्या भाजीचा भाव सांगावा तसं.

विमल हुशार होती. गिअर तिला लवकर कळले, आरसा बघायची सवय लागली, चढावर गाडी मागं येऊ द्यायची नाही. पण आठच्या आकड्यावर काहीतरी बिनसायचं. मधोमध, जिथं गाडी अगदी मंद होते, थांबल्यासारखीच, तिथं ती एकदम स्टेरिंग सोडून द्यायची. चटका बसल्यासारखी. गाडी चुना ओलांडून जायची. आरटीओत तिची पहिली परीक्षा झाली, तिथंही तेच झालं. साहेबांनी लांबून बघितलं आणि म्हणाले, बाईचे हात कापतात. दुसऱ्या वेळी परत तेच, परत तेच वाक्य. एकदा साहेबांनी म्हटल्यावर सगळेच म्हणायला लागले. बहीण म्हणाली, बहिणीचा नवरा म्हणाला, आणि पाचोडला बातमी पोचल्यावर नामदेवही म्हणाला की उगाच हट्ट नको, तुझे हात कापतात.

असं नाही की आत्यानं गाडीकडं लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवसांत दोघी-तिघी म्हणाल्या होत्या की स्टेरिंगमध्ये काहीतरी लागतं हाताला. नव्या बाईला गाडीत सतरा गोष्टी लागतात. कुणाला सीट टोचते, कुणाला क्लच जड लागतो, कुणाला वास येतो. तरी आत्या सलीमभाई मिस्त्रीकडं गाडी घेऊन गेली होती. सलीमभाईंनी गाडी लांबपर्यंत पळवून आणली, चाकं उचलून बघितली आणि म्हणाले, 'कुछ नहीं बाई, गाडी एकदम मक्खन.' आत्या स्वतः रोज ती गाडी मैदानापर्यंत न्यायची आणि परत आणायची, तिच्या हाताला कधी काही लागलं नव्हतं. मग त्या बायकांना तिनं सांगितलं की ही भीती आहे, हातातली, आठ दिवसांत जाईल. विमललाही तिनं तेच सांगितलं होतं.

तिसऱ्या परीक्षेच्या आदल्या सकाळी मैदानावर विमलनं आठच्या मध्यावर गाडी थांबवली. बंदच केली. हात मांडीवर घेतले आणि समोर बघत म्हणाली की मी उद्या येत नाही, दिराला जीप देऊन टाका म्हणून सांगते. रडत नव्हती. तेच जास्त वाईट होतं.

आत्यानं विचारलं, का गं.

'माझ्या हाताला काहीतरी ठोकतंय, बाई. सगळे म्हणत्यात, हात कापतोय. आता मलाबी तसंच वाटाया लागलंय.'

आत्या काहीतरी म्हणणार होती, तिचं तोंड उघडलेलं मी बघितलं, बहुधा तेच भीतीचं वाक्य. पण ती थांबली. तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं विमलकडं वळून अगदी हळू विचारलं, 'कापतंय का ठोकतंय, नीट सांग.'

विमलनं मधलं बोट वाकवून डॅशबोर्डवर दोनदा वाजवून दाखवलं. टक, टक. असं, म्हणाली. आतून कुणीतरी वाजवतंय असं.

आत्या म्हणाली, कापणारा हात असं वाजवत नाही. माझा बाप म्हातारपणी कापायचा, मी त्याचा हात धरून जेवू घातलंय, ते मला माहीत आहे. कधी वाजतं ते सांग. विमलनं आधी आमच्याकडं बघितलं, मग आत्याकडं, आणि मान खाली घालून सांगितलं की गाडी उभी असताना. गाडी थांबली की मला भीती वाटते की वळणार नाही, म्हणून मी उभ्या गाडीतच स्टेरिंग ओढते. तुम्ही नको म्हणता तरी ओढते. तेव्हा वाजतं, आणि वाजलं की माझा हात सुटतो. हे कबूल करायचं तिला पास-नापासापेक्षा जड गेलं असावं. आणि मागून डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या की मलाही तेव्हाच वाजतं. शाळेच्या बाई म्हणाल्या, मलाही. कधी वाजतं ते एकीनंही आजवर सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं तर उभ्या गाडीत ओढल्याचं सांगावं लागलं असतं.

आत्यानं दोघींची जागा बदलली. स्वतः स्टेरिंगवर बसली, विमलला आपल्या जागी बसवलं. मग तिनं आठचा आकडा काढला. सुंदर काढला, नेहमीसारखा. काही वाजलं नाही. परत काढला. परत काही नाही. विमलचा चेहरा उतरला. आत्या स्टेरिंगवर हात ठेवून नुसती बसून राहिली, आणि मला अजून आठवतं, एकदम तिच्या लक्षात आलं ते तिच्या मानेवरून दिसलं. ती म्हणाली, 'मला येत नाय तुझ्यासारखं चालवता. माझ्या हाताला दुसरंच वळण पडलंय. तू शिकव मला.'

मग ते झालं जे मी जन्मात विसरणार नाही. पाचोडची विमल, दोनदा नापास झालेली, आत्याच्या जागेवर बसून आत्याला गाडी वाईट कशी चालवायची ते शिकवत होती. आधी घाबरत, मग जरा सावरून. थांबा इथं. पूर्ण थांबा, बाई, हलू देऊ नका. आता क्लच दाबून ठेवा. आता दोन्ही हातांनी ओढा, जोरात, डावीकडं. आत्याचा हात काही ऐकेना. गाडी थोडी हलली की मगच तिचा हात फिरायचा, इतक्या वर्षांची सवय. विमल म्हणाली, हललात तुम्ही, परत. आत्यानं परत केलं. तिसऱ्या-चौथ्या वेळी आत्यानं दात आवळून उभ्या गाडीत स्टेरिंग ओढलं, आणि ओढता ओढता थांबली. उलटं ओढलं. परत थांबली.

'व्हय गं,' ती म्हणाली. 'ठोकतंय.'

विमलनं तोंडावर पदर घेतला. त्या एका शब्दासाठी ती किती दिवस थांबली होती ते आम्हा मागच्या बायकांना तेव्हा कळलं. डॉक्टरीणबाईंनी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

आत्याला रडायला वेळ नव्हता. तिनं विमलला परत स्टेरिंगवर बसवलं, पदर कमरेला खोचला आणि गाडीच्या पुढच्या बाजूनं खाली शिरली. आम्ही उतरून पुढं आलो, तर तिचे पायच दिसत होते. खालून ती ओरडून सांगत होती, जरा डावं, जरा उजवं, जास्त नको, नुसतं हलव. इंजिन बंद, गाडी उभी, विमल स्टेरिंग जरासं इकडं-तिकडं करतेय आणि आत्या खाली एकेका सांध्यावर हात ठेवून बघतेय. चाकापाशी काही नाही. मधल्या दांड्यापाशी काही नाही. मग एका ठिकाणी तिचा हात थांबला आणि ती म्हणाली, इथं. ज्या डब्यातून स्टेरिंगचा दांडा खाली चाकांकडं जातो, तो डबा गाडीच्या लोखंडी चौकटीला बोल्टांनी घट्ट धरलेला असतो. त्यातला एक बोल्ट झिजून ढिला झाला होता. गाडी चालू असली की चाक सहज वळतं, डब्यावर जोर येत नाही. गाडी उभी असली की चाक जमीन धरून बसतं, सगळा जोर डब्यावर येतो, आणि ढिला डबा जागेवरून सरकून ठोकतो. नीट चालवणाऱ्याला ते कळायचं कारणच नव्हतं. ती भर उन्हात तोंडाला काळं लागलेली बाहेर आली आणि आम्हाला समजावून सांगितलं, एवढ्या आनंदानं की जणू गाडीनं तिला काही बक्षीस दिलंय.

सलीमभाईंनी दुपारी नवे बोल्ट घातले, कान पकडला आणि हसले. तेही कधी उभ्या गाडीत स्टेरिंग ओढायचे नाहीत, मग त्यांना कुठून लागणार. संध्याकाळी मामांनी नुसती खिचडी टाकली, कारण आत्या जेवायला बसेल असं वाटत नव्हतं. बसलीच नाही. मला बरोबर घेऊन ती एकेका बाईच्या घरी गेली, जिला जिला तिनं भीती म्हणून सांगितलं होतं तिच्याकडं. दारातच सांगायची की भीती नव्हती, गाडी होती, चूक माझी. एकीच्या सासूनं नाक मुरडलं आणि म्हणाली, म्हणजे एवढे दिवस आमची सून बिघडलेल्या गाडीत होती का. आत्या म्हणाली, व्हय. एवढंच. ती सून नंतर क्लासाला आली नाही. आत्याला ते लागलं, मी परतताना पाहिलं, पण पुढच्या घरी जायची ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी आरटीओत गर्दी होती. बाकीच्या क्लासांचे शिकवणारे बाप्ये झाडाखाली चहा पीत उभे, आत्याच्या गाडीवर त्यांची नजर कायमची. नामदेव पाचोडहून सकाळच्या बसनं आला होता, कुबडी बाजूला ठेवून भिंतीच्या कट्ट्यावर बसला होता. विमलचं नाव पुकारलं. साहेबांनी कागद बघितला आणि म्हणाले, परत आलात का, हात कसे आहेत. आत्या पुढं झाली. मला वाटलं, बाजूला घेऊन हळू सांगेल. तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

'साहेब, मागच्या दोन्ही वेळा ही बाई नापास झाली नव्हती. माझी गाडी नापास झाली होती. स्टेरिंगचा डबा ढिला होता, ते हिला कळलं, मला नाय कळलं. काल दुरुस्त केलाय. आता हिची परीक्षा घ्या.'

झाडाखाली कुणीतरी हसलं. आता आठवडाभर गावात हेच चालणार, कुसुमबाईंची गाडी ढिली, हे मलाही कळत होतं आणि तिलाही. जिची रोजीरोटी त्या एका गाडीवर होती ती बाई हे चारचौघांत बोलून मोकळी झाली. मी अठरा वर्षांची होते. त्या क्षणी मला तिच्यासारखं व्हायचं होतं, आणि आज एवढ्या वयात मागं वळून बघते तेव्हा वाटतं, जमलं नाही, थोडंथोडं जमलं.

साहेबांनी आत्याकडं जरा वेळ बघितलं, मग विमलला गाडीत बसा म्हणाले. विमलनं गाडी काढली. आठच्या मध्यावर गाडी मंद झाली. हात सुटला नाही. गाडी चुन्याच्या आतून वळली, परत वळली, रिव्हर्सला सरळ आली आणि रेषेवर थांबली. साहेबांनी सही केली.

विमल गाडीतून उतरून तडक नामदेवापाशी गेली. त्याच्यासमोर उभी राहून दोन्ही हात पुढं केले, तळवे खाली, बोटं पसरून, आणि तसेच धरून ठेवले. बघा म्हणून. तो बघत राहिला. खूप वेळ बघत राहिला. आसपासचे लोक बघताहेत याची दोघांनाही शुद्ध नव्हती. मग त्यानं कुबडीला हात न लावता तिचा एक हात धरला आणि त्या हातावर सगळा भार टाकून कट्ट्यावरून उठला. हात हलला नाही.

'आता जीप कुणाला द्यायची नाय,' तो म्हणाला.

आत्यानं तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले, आणि पुढच्या बाईला हाक मारली.